उंदीर, बीटा आणि परळचा रस्ता

सॉफ्टवेअरमध्ये 'बीटा' म्हणजे काय हे तुम्हाला सांगायला नको. अर्धी कच्ची भाकरी गिऱ्हाईकाच्या ताटात वाढायची आणि कुठे कच्ची राहिलीय ते त्यालाच विचारायचं. गेल्या वर्षी मात्र हा शब्द आमच्या घरात भलत्याच अर्थाने शिरला. दर सोमवारी संध्याकाळी ऑफिसातून निघालो की मी दादाला फोन लावायचो आणि "हॅलो"च्या आधीच विचारायचो, "बीटा किती आला?"

दादा म्हणजे माझा चुलतभाऊ. डोंबिवली पूर्वेला आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून राहतो. आणि बीटा होता वहिनीचा. हे सगळं लिहायची परवानगी तिनेच दिलीय. "लिहा भाऊजी, फक्त माझं नाव नको आणि रडगाणं नको," या दोन अटींवर. तेव्हा रडगाणं थोडक्यात आटोपतो, कारण मला सांगायचाय तो इतिहास. (मी डॉक्टर नाही. इंजिनिअर माणूस घाबरला की वाचत सुटतो, त्यातला हा प्रकार.)

वहिनीला पावसाळ्यात दिवस गेले आणि दहाव्या आठवड्यात गर्भ पडला. आमच्याच भागातल्या एका नर्सिंग होममध्ये पिशवी साफ केली, दुसऱ्या दिवशी घरी सोडलं. होतं असं, पुढच्या वेळी बघू, वगैरे. पिशवीतून जे निघालं ते पॅथॉलॉजीला तपासायला पाठवायला हवं होतं. ते पाठवलं नाही. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

दोन महिने झाले तरी अंगावरून जाणं थांबेना. वर बारीक खोकला. शेवटी घरी किट आणून पाहिलं तर दोन ठळक रेघा! काकू आधी खूश झाली, मग तिलाही काही कळेना. दादा तिला घेऊन ठाण्याच्या एका डॉक्टरबाईंकडे गेला. सोनोग्राफीत गर्भ नव्हता, पण गर्भाशयाच्या भिंतीत चार सेंटिमीटरचा, रक्तवाहिन्यांनी भरलेला गोळा होता. छातीच्या एक्सरेत एक ठिपका. आणि रक्तातला बीटा एचसीजी ८४,०००. गरोदर नसलेल्या बाईत हा आकडा ५ च्या खाली असतो.

"मागच्या वेळचा पॅथॉलॉजी रिपोर्ट द्या," बाई म्हणाल्या. दादाने डिस्चार्ज कार्ड पुढे केलं. त्यावर फक्त पिशवी साफ केल्याची एक ओळ.

मी सोबत गेलो होतो. मी आपला शहाणपणा केला, "मग आता तुकडा काढून तपासायचा का?" सिनेमापासून सगळीकडे आपण हेच ऐकलेलं असतं ना, की कॅन्सर म्हटलं की बायॉप्सी. बाई म्हणाल्या, "अजिबात नाही. या गाठीला सुई लावली तर रक्त थांबवता थांबणार नाही. इथे निदान आकडा करतो."

निदान आकडा करतो! मला ते पटेना. इतकी औषधं द्यायची ती एका आकड्यावर? तो आकडा कोणी ठरवला? चुकला तर? त्या रात्री जे वाचायला बसलो ते पुढचे तीन-चार वीकएंड वाचतच होतो.

या आजाराचं मूळ ज्यात असतं त्याला मराठीत द्राक्षगर्भ म्हणतात. गर्भाच्या जागी द्राक्षांच्या घडासारख्या पाणीदार फुग्यांचा लगदा वाढतो, बाळ नसतंच. इंग्रजीतला शब्द 'मोल'. त्याचा आपल्या मोलाशी काही संबंध नाही, लॅटिनमध्ये मोला म्हणजे जात्याची तळी. हॉलंडमध्ये हेगजवळच्या एका चर्चमध्ये दंतकथा सांगतात की १२७६ साली हेनेबर्गच्या मार्गारेट नावाच्या उमराव बाईला एकाच वेळी ३६५ मुलं झाली. आजचे अभ्यासक म्हणतात की तो द्राक्षगर्भ असावा, फुगे मोजून कोणीतरी पोरं मोजली. गांधारीचा मांसपिंड आठवला ना? मलाही आठवला. पण महाभारतात विमानं शोधणाऱ्यांच्या रांगेत मला उभं राहायचं नाही, तेव्हा असो.

आता कल्याणला या. कल्याणच्या जोश्यांची यमू, म्हणजे आपल्या आनंदीबाई जोशी. चौदाव्या वर्षी बाळंत झाल्या, मूल दहा दिवसांत गेलं, आणि त्यातून पुढे डॉक्टर व्हायची जिद्द, हे आपण शाळेत वाचलेलं असतं. ११ मार्च १८८६ ला फिलाडेल्फियाला त्यांना पदवी मिळाली. प्रबंधाचा विषय होता आर्य हिंदूंमधलं प्रसूतिशास्त्र. पुढच्या फेब्रुवारीत त्या गेल्यासुद्धा, बावीस वर्षंही पुरी झाली नव्हती. मला हिशेब करताना जाणवलं ते असं, की आनंदीबाई शिकत होत्या तेव्हा वहिनीच्या आजाराला धड नावसुद्धा नव्हतं. ते १८८९ मध्ये मिळालं. जर्मनीतल्या लाइपझिगच्या माक्स झेंगरने बाळंतपणानंतर झपाट्याने मारणाऱ्या या गाठीचं वर्णन केलं. पण त्याचा एक घोटाळा झाला. त्याला वाटलं की ही गाठ आईच्या गर्भाशयाच्या अस्तरातून उगवते.

१८९५ मध्ये फेलिक्स मार्शां या पॅथॉलॉजिस्टने ते उलटं करून दाखवलं. त्याने सूक्ष्मदर्शकाखाली पेशी ओळखल्या. त्या आईच्या नव्हत्याच, त्या वारेच्या होत्या. म्हणजे गर्भाच्या बाजूच्या. बाईच्या शरीरात वाढणारा कॅन्सर, पण दुसऱ्याच जिवाच्या पेशींचा! असं दुसरं उदाहरण मला तरी सापडलं नाही. कोरिओकार्सिनोमा हे नाव त्यातूनच पुढे रूढ झालं. तो होतो फार क्वचित. द्राक्षगर्भ साधारण हजार गरोदरपणांत एखादा. हा कॅन्सर त्याहून कितीतरी विरळ. त्यातले निम्मे रुग्ण द्राक्षगर्भानंतरचे, बाकीचे गर्भपातानंतरचे किंवा अगदी सुखरूप बाळंतपणानंतरचेसुद्धा.

इथे थोडं थांबतो, कारण पुढची गोष्ट आमच्या घरात कामाला आली. १९७७ मध्ये काजी आणि ओहामा या दोन जपानी संशोधकांनी दाखवलं की पूर्ण द्राक्षगर्भातली सगळी गुणसूत्रं बापाकडून आलेली असतात. बीजांड रिकामं असतं, त्यात शुक्राणू शिरतो आणि बहुतेक वेळा स्वतःचीच नक्कल करून ४६ चा आकडा भरतो. पुढच्या वर्षी पिट्सबर्गच्या शुलमन आणि ऊर्वशी सुरती यांनी पूर्ण आणि अर्धवट हे दोन वेगळे प्रकार असल्याचं मांडलं. अर्धवट प्रकारात गुणसूत्रांचे तीन संच असतात, दोन बापाचे आणि एक आईचा.

तर, काकूचं तेव्हा सुरू होतं. "हिने पपई खाल्ली असेल. ऑफिसच्या त्या धक्क्यांत उभी राहून जायची. ऐकते कुणाचं?" वहिनी ऐकून घ्यायची. एका रविवारी जेवताना मी हे गुणसूत्रांचं काढलं. काकू म्हणाली, "म्हणजे ह्याच्याकडचं?" आणि दादाकडे बघितलं. दादाचा घास हातातच राहिला. मी घाईघाईने सांगितलं की दोष कुणाचाच नसतो, ही नक्कल होतानाची चूक आहे, पपईने होत नाही आणि लोकलनेही होत नाही. शिवाय वहिनीचा प्रकार पूर्ण होता की अर्धवट, की द्राक्षगर्भ नव्हताच, हे आता कधीच कळणार नाही. कारण तपासायला काही ठेवलंच नाही. पण पपईचा विषय त्या दिवसापासून बंद झाला. विज्ञानाचा मला झालेला हा सर्वांत थेट फायदा.

आता आकड्याकडे. १९२७-२८ मध्ये बर्लिनला सेल्मार आशहाइम आणि बर्नहार्ड झोंडेक या दोघांना कळलं की गरोदर बाईच्या लघवीत एक संप्रेरक असतं. ती लघवी उंदराच्या वयात न आलेल्या माद्यांना टोचायची, साधारण शंभर तासांनी त्यांना मारून बीजकोश बघायचे. बीजकोश फुलून लाल झालेले दिसले की बाई गरोदर. जगातली पहिली खात्रीची गरोदरपणाची चाचणी ही. आणि लवकरच त्यांच्या लक्षात आलं की द्राक्षगर्भ आणि कोरिओकार्सिनोमा असलेल्या बायकांची लघवी भरपूर पाणी घालून पातळ केली तरी उंदीर 'हो' म्हणतात. वारेच्या पेशीच ते संप्रेरक बनवतात, आणि गाठ त्याच पेशींची. त्यामुळे गाठ जेवढी मोठी तेवढं संप्रेरक जास्त. (वृषणाच्या काही कॅन्सरमध्येही हे होतं, म्हणून क्वचित एखाद्या पुरुषाचं किटसुद्धा पॉझिटिव्ह येतं. हसू नका, तसं आलं तर ताबडतोब डॉक्टर गाठायचा.) पुढे हिटलर आला. दोघेही ज्यू. झोंडेक जेरुसलेमला गेला, आशहाइम पॅरिसला.

म्हणजे निदानाचं हत्यार मिळालं होतं. फक्त निदान करून पुढे काय, याला उत्तर नव्हतं. गर्भाशय काढायचं, आणि गाठ फुप्फुसात पोचली असेल तर वाट बघायची. बहुतेक बायका वर्षभरात जायच्या.

उत्तराचा धागा निघाला तो, विश्वास बसणार नाही, परळहून. १९२८ मध्ये लूसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टरबाई मुंबईत आल्या. गिरणगावातल्या गरीब बायकांना गरोदरपणात भयंकर पंडुरोग व्हायचा, त्यात अनेक जणी दगावायच्या. विल्सबाईंनी परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये बसून त्याचा पिच्छा पुरवला. बायका काय खातात ते तपासलं, उंदीर-माकडांवर प्रयोग केले, आणि १९३१ मध्ये दाखवलं की यीस्टच्या स्वस्त अर्काने, म्हणजे ब्रिटिश लोक पावाला लावतात त्या मार्माइटने, हा पंडुरोग बरा होतो. त्यात काय आहे ते तेव्हा माहीत नव्हतं. दहा वर्षांनी पालकाच्या पानांतून तो पदार्थ वेगळा काढला आणि नाव पडलं फॉलिक ॲसिड. आज प्रत्येक गरोदर बाईला ज्या गोळ्या देतात ना, त्यांची सुरुवात गिरणगावातल्या बायकांपासून झाली. आपल्या किती जणांच्या पणज्या-खापरपणज्या त्यात असतील कोण जाणे.

फॉलिक ॲसिड पेशीला डीएनए बनवायला लागतं. अमेरिकेत लेडर्ले कंपनीत आंध्रच्या भीमावरमचे येल्लाप्रगडा सुब्बाराव होते. त्यांच्या चमूने आधी फॉलिक ॲसिड प्रयोगशाळेत बनवलं आणि मग त्याची खोटी किल्ली. दिसायला तशीच, पण कुलपात घातली की अडकून बसणारी. ॲमिनोप्टेरिन आणि मेथोट्रेक्सेट. १९४७ मध्ये बॉस्टनच्या सिडनी फार्बरने ॲमिनोप्टेरिन रक्ताच्या कॅन्सरच्या मुलांना दिलं, आजार काही काळ मागे हटला. सुब्बाराव १९४८ मध्ये गेले. हा माणूस आपल्याकडे अजूनही फारसा कुणाला माहीत नाही याची मला खरंच लाज वाटते.

आणि आता ज्याच्यासाठी हा सगळा पसारा मांडला तो माणूस. मिन चिऊ ली. चीनहून अमेरिकेत शिकायला आलेला आणि तिकडेच राहिलेला डॉक्टर. न्यूयॉर्कला असताना त्याच्या लक्षात आलं होतं की खोटी किल्ली दिली की हे संप्रेरक कमी होतं. १९५५ मध्ये तो वॉशिंग्टनजवळच्या सरकारी संस्थेत, एनआयएचमध्ये, रॉय हर्ट्झच्या हाताखाली लागला. त्याच ऑगस्टमध्ये फुप्फुसात गाठी पसरलेली, रक्तस्राव होत असलेली एक तरुण बाई मरणाच्या दारात आली. तिला मेथोट्रेक्सेट दिलं. काही महिन्यांत एक्सरे स्वच्छ! १९५६ मध्ये ली, हर्ट्झ आणि स्पेन्सर यांनी ते छापलं. औषधाने घन गाठीचा कॅन्सर पूर्ण बरा झाल्याची ही पहिली उदाहरणं.

पण ली तिथे थांबला नाही. एक्सरे स्वच्छ होता, बाई हिंडत-फिरत होती, पण उंदीर अजून किंचित 'हो' म्हणत होते. ली म्हणाला, आकडा आहे म्हणजे गाठ आहे, औषध चालू ठेवायचं. संस्थेतल्या वरिष्ठांना हे भयंकर वाटलं. धडधाकट दिसणाऱ्या बायकांना एका आकड्यासाठी विष द्यायचं? लीने ऐकलं नाही आणि त्याला ती नोकरी सोडावी लागली. पुढे हिशेब लागला. ज्यांचं औषध एक्सरे बघून थांबवलं त्यांच्यात आजार उलटला, लीने आकडा संपेपर्यंत ज्यांना औषध दिलं त्या बऱ्याच राहिल्या. १९७२ मध्ये लास्कर पुरस्कार मिळालेल्यांत हर्ट्झबरोबर लीचंही नाव होतं.

ही गोष्ट मी आधी वाचली असती तर दादाला उत्तर देणं सोपं गेलं असतं. त्याचं असं झालं...

ठाण्याच्या बाईंनी आम्हाला परळला टाटामध्ये पाठवलं. तिथे गुणपत्रिका असते. वय, आधीचं गरोदरपण, मधला काळ, बीटा, गाठीचा आकार, कुठे पसरली, किती ठिकाणी, आधीची औषधं. सहापर्यंत गुण म्हणजे कमी धोका, सातपासून जास्त. वहिनीला पाच. आयुष्यात पहिल्यांदा आमच्या घरात कमी मार्क मिळाले म्हणून पेढे वाटायची वेळ. एकच औषध, मेथोट्रेक्सेट. एक दिवसाआड चार इंजेक्शनं आणि मधल्या दिवशी फोलिनिक ॲसिड, म्हणजे फॉलिकचाच भाऊ, निरोगी पेशींना वाचवण्यासाठी. मग सहा दिवस सुट्टी, की पुन्हा पहिल्यापासून. सकाळची डोंबिवली फास्ट, दादरला उतरून टॅक्सी. वाटेत एकदा मी वहिनीला सांगितलं की हाफकिन इथेच मागे आहे आणि तुझ्या मधल्या दिवसाच्या औषधाचं कूळ तिथलं. ती म्हणाली, "भाऊजी, आत्ता मला फक्त उलटी होऊ नये एवढंच हवंय."

आकडे मी एक्सेलमध्ये भरायचो. प्रत्येक फेरीआधीचे सांगतो: ८४,०००, २१,०००, ३,१००, २४०, १९, ३. साध्या आलेखावर काढलं तर तिसऱ्या-चौथ्या आकड्यानंतर रेघ जमिनीलाच टेकलेली दिसते. संपलंच की सगळं! लॉग स्केलवर काढलं तर कळतं की अजून उतार चालूच आहे. मला वाटतं लीच्या वरिष्ठांनी मनात साधा आलेख काढला होता.

३ आल्यावर दादा हट्टाला पेटला. "नॉर्मल आलंय ना? मग अजून तीन फेऱ्या कशाला? तिचं तोंड बघ किती सोललंय. पाणी पिताना रडते ती." मला काय बोलावं सुचेना. उत्तर टाटाच्या डॉक्टरांनी दिलं: आकडा ५ च्या खाली गेला तरी लाखभर पेशी उरलेल्या असू शकतात, चाचणीला त्या दिसत नाहीत एवढंच. म्हणून शून्यानंतरही पुढे जायचं. वहिनी ऐकत होती. म्हणाली, "तीन तर तीन. करून टाका."

तरी आकड्यावरची माझी शंका पूर्ण गेली नव्हती, आणि ती अगदी वेडगळ नव्हती. उंदीर केव्हाच गेले. पण त्यांच्यानंतरच्या रक्तचाचण्यांना एक अडचण होती. हे संप्रेरक आणि पाळीचं एक संप्रेरक यांचा अर्धा भाग सारखा असल्याने चाचणी दोघांत फसायची. १९७२ मध्ये एनआयएचमध्येच ज्युडिथ वैटुकायटिस, ब्राउनस्टीन आणि रॉस यांनी वेगळा असलेला अर्धा भाग, म्हणजे बीटा, पकडणारी चाचणी बनवली. हा आमचा बीटा. ती बनवण्यामागे याच कॅन्सरच्या बायकांवर नजर ठेवायची गरज होती. आज केमिस्टकडे मिळणारी किटं त्याच वळणाने आलेली आहेत.

पण चाचणी म्हटली की फॉल्स पॉझिटिव्ह आलेच, हे टेस्टिंगमधल्या कुणालाही विचारा. काही जणींच्या रक्तात अशी प्रतिपिंडं असतात की ती चाचणीच्या रसायनांना चिकटून खोटा आकडा दाखवतात. २००० मध्ये 'लॅन्सेट'मध्ये अमेरिकेतल्या रोटमेन्श आणि कोल यांनी अशा १२ जणींची हकिगत छापली. कॅन्सर नव्हताच, तरी औषधं दिली गेली, शस्त्रक्रिया झाल्या. लीचा नियम बरोबर, पण आकडा खरा असेल तर. यावरची युक्ती किती साधी आहे बघा. ती प्रतिपिंडं मोठी असतात, लघवीत उतरत नाहीत. म्हणून रक्तात आकडा आणि लघवीत काहीच नाही, असं दिसलं की संशय घ्यायचा. मी फार शहाणा असल्यासारखं हे ठाण्याच्या बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "तुमच्या वहिनींनी घरी किट केलं होतं ना? ते लघवीवरच होतं. आणि मी पहिल्याच दिवशी लॅबमधून परत करून घेतलंय." गप्प बसलो.

राहिलं ते सुरुवातीचं वाक्य. टाटा सुरू झालं २८ फेब्रुवारी १९४१ ला, आणि पहिल्या वर्षापासून तिथली प्रयोगशाळा सांभाळली डॉ. वसंत रामजी खानोलकरांनी. भारतातल्या पॅथॉलॉजीचे जनक म्हणतात त्यांना. कमरेला करकचून नेसलेल्या धोतराच्या जागी होणारा कॅन्सर त्यांनी १९४५ मध्ये जगापुढे मांडला होता. तेव्हापासून परळला तुकडे तपासले जातायत. आणि तिथून पंचेचाळीस किलोमीटरवर, इतक्या वर्षांनंतर, एका नर्सिंग होममध्ये एक बाटली भरून पाठवायचा कंटाळा केला गेला. पाठवली असती तर द्राक्षगर्भ असल्यास तेव्हाच कळलं असतं, तेव्हाच दर आठवड्याला बीटा सुरू झाला असता, आणि आकडा चढायला लागल्याबरोबर इंजेक्शनं. कदाचित फुप्फुसात ठिपका पडायच्या आधी. ब्रिटनमध्ये १९७३ पासून अशा प्रत्येक बाईची राष्ट्रीय नोंद होते, बीटासाठी नमुने पोस्टाने जातात. आपल्याकडे निदान एवढं करा, घरात कुणाची पिशवी साफ केली तर डिस्चार्ज घेताना विचारा, "तपासायला पाठवलं का? रिपोर्ट कधी मिळेल?" डॉक्टर चिडले तर चिडू देत.

आता महिन्यातून एकदा बीटा असतो. वर्षभर दिवस जाऊ द्यायचे नाहीत, नाहीतर आकडा चढला तर बाळामुळे की गाठीमुळे ते कळणार नाही. त्यानंतर मूल व्हायला हरकत नाही, असं टाटाच्या डॉक्टरांनी सांगितलंय. काकूने ते दोनदा विचारून खात्री करून घेतलं.

परवा वहिनीला हे सगळं वाचून दाखवलं. तिने मध्ये एकदाच थांबवलं. "मग त्या उंदरांना दर वेळी मारायलाच लागायचं?" हो म्हटलं. ती काही बोलली नाही. मग म्हणाली, पुढचा बीटा सोमवारी आहे, लॅबचा मुलगा सातला येतो, तेव्हा दादाला म्हणावं गजर लाव.